आत्यांच्या पायातला काटा

१२ सप्टेंबर, सांगली

म्हसवडहून निघताना सांगितलं, आईला बरं नाही. इथे आले तर आई दारात धडधाकट उभी. ‘माझ्या नावावर अजून किती आजार खपवणार आहेस?’ म्हणाली, आणि स्वतःच रिक्षा बोलावून मला दवाखान्यात घेऊन गेली.

आधी चालण्याची चाचणी. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा मिनिटं ये-जा करायची, दम लागला तर ‘थांबा’ म्हणायचं, एवढंच. नर्सताई घड्याळ घेऊन सोबत. मी एकदाही थांबले नाही. अर्ध्यातच छातीचा भाता झाला होता, पण तोंड मिटून नाकाने श्वास घेत राहिले. ही विद्या मला शाळेपासून येते. नर्सताई म्हणाली, वा, छान चाललात. मला उगाचच पास झाल्यासारखं वाटलं.

मग इको. अंधाऱ्या खोलीत कुशीवर झोपवून छातीला थंडगार जेल लावलं आणि पडद्यावर माझंच हृदय उघडझाप करताना दिसलं. डॉक्टर मॅडम नेहमी गप्पा मारत तपासतात. आज गप्प होत्या.

नंतर म्हणाल्या, ‘चाललात छान, पण इको तसं म्हणत नाही.’ सिकलसेलच्या रक्तात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि लवकर मरतात, रक्त कायम कमी पडतं, ती उणीव भरायला हृदय लहानपणापासून जादा राबतंय, हे मला पाठ आहे. नवीन होतं ते उजव्या बाजूचं. फुप्फुसाकडे रक्त ढकलताना तिथला दाब वाढलाय. ‘घाबरू नका’ म्हणाल्या, म्हणजे घाबरण्यासारखंच असणार. गोळी चुकवायची नाही. पाणी भरपूर प्यायचं, उपास करायचा नाही, थंडीत जायचं नाही. चालणं मात्र सोडायचं नाही, रोज चालायचं, पण धाप लागायच्या आत थांबायचं. आणि घरात सगळ्यांना हे ठाऊक असलं पाहिजे.

घरात सगळ्यांना! मे महिन्यात लग्न झालं, सासरी कुणाला काही ठाऊक नाही. आई-पप्पा आते-मामेभावंडं. दोघांच्या रक्तात हा दोष निम्मा-निम्मा होता आणि माझ्या वाट्याला दोन्ही निम्मे आले. बघायला आलेल्या पाहुण्यांना पोह्यांच्या बशीबरोबर हे कोण सांगतं? गोळ्यांना मी ‘रक्तवाढीच्या’ म्हणते. तेवढं खोटं पचून जातं.

रिक्षात मी रडले. आई नाही रडली. ‘धोंडुबाई चांगल्या आहेत गं, तू काळजी करू नको,’ म्हणाली. असा राग आला! मी मरणाचं बोलतेय आणि हिला विहिणीचं कौतुक.

२१ सप्टेंबर, म्हसवड

घरात आम्ही दोघीच. बिरदेव मुंबईला, वाशीच्या मार्केटात. सणासुदीला येतात. (नवऱ्याला नावाने हाक मारायची हौस मी इथेच भागवते.) मी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई धोंडुबाई; इकडे सासूला आत्याच म्हणतात. अर्धं आयुष्य मेंढरांमागे चालत कोकणापर्यंत जाऊन आलेली बाई. वाचता येत नाही, म्हणून ही वही उघडी राहिली तरी धोका नाही. पण डोळे असे की कळपातली लंगडी मेंढी लांबून हेरतात. मला भीती त्या डोळ्यांची आहे.

आज नळाला पाणी आलं. मी घागर उचलली तर त्यांनी हातातून ओढून घेतली. ‘तुज्या हातनं निम्मं सांडतंय. मानदेश हाय ह्यो, सांगलीची किस्ना न्हवं.’ एक थेंब सांडला नव्हता! शेजारच्या बायका हसल्या. घरात येऊन डोळे पुसले. तरी खरं सांगू, घागर गेली त्याचं बरंच वाटलं.

शेतातून घरी येताना टेकाडाचा चढ आहे. रोज तो दिसला की मला धडकी भरते. पण नशीब कसं, निम्म्या चढावर आत्यांच्या पायात काटा मोडतो. मग त्या खाली बसतात, वहाण काढतात, टाच चाचपत राहतात. तेवढ्यात माझा श्वास ठिकाणावर येतो. टायरच्या वहाणेतून काटा शिरतो कसा, देव जाणे. म्हातारपणी टाच मऊ पडत असेल. मी मनातल्या मनात बाभळीला हात जोडते.

४ ऑक्टोबर

अंबूबाई आल्या होत्या. आमच्या भावकीतल्या, नात्याने चुलत सासू. गावची बातमी आधी त्यांच्याकडे येते, मग घडते. माझी हनुवटी धरून म्हणाल्या, ‘धोंडे, सुनंचं डोळं पिवळं दिसत्यात गं. कावीळ न्हवं?’

आत्या मेंढराची लोकर झाडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘तिच्या घराण्याचंच डोळं तसं हायत. तू तुजं चष्म्याचं बघ आदी.’

वाचले. पण असं किती वेळा वाचणार? कळलं तर काय करतील? परत पाठवतील, दुसरं काय. पप्पा मार्केट यार्डात तोलाईच्या काट्यावर कामाला, तिथे चार लोकांत मान कशी वर करतील? गोळ्यांची बाटली आता ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवलीय. उशाशी पाण्याचा तांब्या मात्र रोज भरलेला असतो, मी भरायच्या आधीच. आत्यांची सवय असेल.

१२ ऑक्टोबर

आज मी काय करून बसले!

म्हसवडच्या सिद्धनाथाचं उभं नवरात्र असतं. दिवाळी पाडव्याला घट बसले की तुळशीच्या लग्नापर्यंत नवरात्र करणारा बसत नाही, झोपत नाही. आढ्याला दोर बांधून आडवी फळी टांगतात, तिच्यावर हात टेकून डुलकी काढायची. खाणं नुसतं फराळाचं. पहाटे थंड पाण्याने अंघोळ करून अनवाणी गावाभोवती प्रदक्षिणा. आमच्या घरात अशी रीत की नवी सून पहिल्या दिवाळीला उभी राहते.

देवळात अंबूबाईंनी विषय काढला. मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, ‘औंदा मीच हुबी राहती. हिला जमायचं न्हाई.’

‘का गं? काय झालंय तिला न जमायला?’

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अंबूबाई तर माझ्या डोळ्यांत बघत होत्या. मला वाटलं, आता उघडं पडणार, आत्ता, इथेच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मी राहते उभी.’ पुढे होऊन गुलालही कपाळाला लावून घेतला. एकदा गुलाल लावला की शब्द परत घेता येत नाही.

आत्यांचं तोंड असं उतरलं की बघवेना. सुनेने चारचौघींत शब्द खाली पाडला, असं वाटलं असेल. घरी येताना तोंड फिरवूनच चालल्या. चढावर काटा मात्र मोडलाच.

१३ ऑक्टोबर

आईला फोन केला. तिने आधी देवाला बोल लावला, मग मला. ‘उपास नको, थंडी नको, हे तुझ्यासमोर सांगितलं ना मॅडमनी? मी बोलते धोंडुबाईंशी.’

मी म्हटलं, ‘तोंड उघडलंस तर मी विहीर जवळ करीन.’ असं बोलायला नको होतं. आईने फोन ठेवला.

बिरदेवचा फोन आला तर ते खुशीत. त्यांच्या आईने हे नवरात्र कितीदा केलंय ते सांगत होते. ‘तू पन केलंस की घरातली खरी मानूस झालीस बग.’ मी हो म्हटलं. छातीवर हात ठेवून बघितलं, नुसत्या बोलण्यानेच धडधड होत होती. मला मरायचं नाही. एवढंच लिहिते आणि वही मिटते.

२२ ऑक्टोबर, पाडवा

घट बसले. आत्यासुद्धा उभ्या राहिल्यात! म्हणाल्या, ‘जोडीनं करू. एकटीला करमायचं न्हाई तुला.’ आढ्याला दोन फळ्या टांगल्यात. मला तर पहारा बसल्यासारखं वाटतंय. आता क्षणभरही टेकता येणार नाही.

वही फळीवर ठेवून लिहितेय. अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय.

२५ ऑक्टोबर

बिरदेव भाऊबीज करून मुंबईला गेले. जाताना म्हणाले, चेहरा किती उतरलाय तुझा. म्हटलं, उपासाचं तेज आहे.

आत्यांनी एक नवीनच काढलंय. दिवसभर तांब्यामागून तांब्या. ‘तीर्थ हाय, न्हाई म्हनायचं न्हाई.’ एवढं तीर्थ सिद्धनाथाच्या पुजाऱ्यानेही प्यायलं नसेल. शेंगदाण्याचे लाडू, राजगिरा, दूध, सगळं परसाद म्हणून. मधेच म्हणतात, ‘देवाला निवद दावती, तवर आत जाऊन पड. नव्या सुनंनं निवद दावताना हुबं राहू ने.’ अशी रीत मी कधी ऐकली नाही. पण मी निमूट आत जाऊन पडते. निवद दाखवायला त्यांना तास-तास लागतो. देव आमचा फार सावकाश जेवतो.

पहाटेची प्रदक्षिणा जिवावर येते. माणगंगेच्या पात्रात गार वारा असतो. बायका ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’ म्हणत झपझप पुढे जातात. आम्ही मागे, कारण आत्यांचा काटा. वाळूत कुठला आलाय काटा? पण त्या उभ्याउभ्याच टाच वर धरतात, कुठूनतरी काढतात, मला दाखवायच्या आत फेकून देतात.

२७ ऑक्टोबर

गुडघे आणि मांड्या ठणकतायत. हा ठणका ओळखीचा आहे, लहानपणी असाच यायचा आणि मग सलाईन लागायचं. जिना नाही, ओझं नाही, नुसतं न्हाणीपर्यंत गेले तरी धाप लागते. बोटांची नखं निळसर दिसली. उजेडामुळे असेल.

सांगून टाकू का? सकाळपासून तीनदा ‘आत्या’ म्हणून हाक मारली. त्यांनी ‘काय गं?’ म्हटलं की मी ‘काही नाही’ म्हणते. तिसऱ्या वेळेला त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. वाटलं, त्यांनाही काही बोलायचंय. मग म्हणाल्या, ‘तीर्थ घेतीस?’

भीती वाटते. मरणाची, आणि त्याहून कळण्याची. कुठली मोठी, ते आज मला सांगता येत नाही.

२९ ऑक्टोबर, पहाट

आत्यांचे पाय घोट्यापासून टम्म सुजलेत, पाऊल टेकवत नाही. मला म्हणतात, ‘आज जाऊ नगंस. मी न्हाई तर तू बी न्हाई.’ खंड पडला तर गाव बोलेल, आणि खंड का पडला ते विचारेल. अंबूबाई दारातून हाका मारतायत.

आत्यांनी माझं मनगट धरलंय, सोडत नाहीत. आता सोडवून निघते. सिद्धनाथा, सांभाळ रे बाबा.

३ नोव्हेंबर, सांगली, दवाखाना

हाताला सलाईन आहे, बसून लिहिण्यापुरता श्वास पुरतोय. सगळं आठवतंय तसं लिहिते.

बायका पात्रात उतरल्या. वारा बोचत होता. मी तोंड मिटून, नाकाने श्वास घेत त्यांच्या मागोमाग. वाटत होतं, आता कुणीतरी थांबेल. कुणीच थांबलं नाही. कुणाच्याच पायात काटा मोडला नाही. चांगभलं लांब लांब जात राहिलं. छातीत कुणीतरी सुरी फिरवावी तशी कळ आली, आणि मला कळलं की तोंड उघडलं तरी आता हवा आत येत नाही. मी हाक मारली म्हणे. मला वाटत होतं मी मनातच मारली.

शुद्ध आली तेव्हा गावच्या दवाखान्यात होते, तोंडावर ऑक्सिजन. दारात आत्या. सुजलेल्या अनवाणी पायांनी पळत आल्या होत्या, डोक्यावर पदर नव्हता. डॉक्टरांच्या बाहीला धरून ओरडत होत्या, ‘आवं सायेब, सादी चक्कर न्हाई ही! पोरीला जल्मापासनं रक्ताचा आजार हाय, सिकलशेल म्हनत्यात. सांगलीला दावत्यात तिला. काळजाला बी ताण हाय तिच्या. येळ घालवू नगा, पाया पडती!’

मी ऐकलं. आणि तेव्हा, जीव जात असताना, माझ्या मनात पहिलं काय आलं? कळलं यांना. आता परत पाठवणार. माणसाचं मन किती वेडं असतं!

ॲम्ब्युलन्सने सांगलीला आणलं. फुप्फुसात पेशी अडकल्या होत्या, उजव्या बाजूचा दाब आणखी चढला होता. रक्त चढवलं. आई सांगते, ‘वाचेल ना?’ विचारलं तर पहिले दोन दिवस मॅडम ‘हो’ म्हणत नव्हत्या.

या सगळ्या दिवसांत आत्या माझ्या खाटेशी उभ्या. शेजारी स्टूल रिकामं. नर्सताई रागवायची, ‘आजी, बसा की! पाय बघा जरा.’ आत्या म्हणायच्या, ‘न्हाई बाय. माजं बी हाय आन हिचं बी. दोघींचं हुबं राहनं माज्याकडं हाय.’ काल तुळशीचं लग्न लागलं. संध्याकाळी त्या स्टुलावर टेकल्या आणि बसल्या बसल्याच झोपल्या. मी तासभर त्यांच्या पायांकडे बघत होते. टाचा दगडासारख्या. त्यात काटा काय, खिळा शिरणार नाही.

आज विचारलं, ‘आत्या, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?’

‘सुपारी फुटायच्या आदीपासनं. तुजी आई मला परड्यात घिऊन गेली आन समदं सांगितलं. लय रडली. म्हनली, मागनं कळून पोरीचे हाल नकोत, आताच न्हाई म्हना.’

‘मग तुम्ही हो का म्हणालात?’

‘पोरगी आवडली व्हती मला. आजार न्हवता आवडला, पन त्यो काय एकटा यीत न्हाई.’

आई दारात उभी राहून ऐकत होती. मी तिला म्हटलं, ‘आणि तू? तू मला का नाही सांगितलंस?’

आत्याच बोलल्या. ‘म्याच तिला शपथ घातली व्हती. म्हनलं, पोरीला कळलं की मला ठावं हाय, तर ती ह्या घरात पावन्यावानी राहील. हे उचलू का नगं, हितं बसू का नगं, माज्या तोंडाकडं बगत. तिला सुनंसारखं नांदू द्या, थांबवायचं तवा मी थांबवीन.’ मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. ‘चुकलं माजं. तू तशीबी माज्या तोंडाकडंच बगत व्हतीस.’

मला रडू फुटलं आणि रडण्यानेसुद्धा धाप लागली, तर मॅडम आल्या आणि दोघींनाही रागवल्या. म्हणाल्या, ‘एकमेकींना जपता जपता जीवच घालवला असता की हिचा.’ आत्या खाली मान घालून शाळेतल्या मुलीसारख्या ऐकत होत्या.

५ नोव्हेंबर

बिरदेव आल्यापासून बाहेरच्या बाकावर बसून आहेत. औषधं आणतात, चहा आणतात, माझ्याशी बोलत नाहीत. आत्यांना एवढंच म्हणाले, ‘मला सोडून समद्यांना ठावं व्हतं.’ त्यांचं काही चुकत नाही. मॅडमनी त्यांचंही रक्त तपासायला घेतलंय, पुढे मूल-बाळ व्हायचं तर ते कळायला हवं. त्यांनी निमूट बाही वर केली. माझ्याकडे बघितलं नाही. परत भीती वाटायला लागलीय, ही वेगळी.

२१ नोव्हेंबर, सांगली

आज म्हसवडला रथाची यात्रा. गाव गुलालात न्हालं असेल आणि आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात, फेरतपासणीला.

बिरदेवच्या रक्तात दोष नाही. तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला आणि इतक्या दिवसांनी नीट बोलले, ‘आता माज्यापासनं काय लपवू नगंस.’ मी म्हटलं, ‘मग ऐका, इथल्या चहात साखर फार असते आणि मी रोज उगाच पिते.’ हसले नाहीत, पण कप माझ्या हातातून काढून घेऊन स्वतः प्याले.

इको झाला. मी दवाखान्यात आले तेव्हापेक्षा दाब उतरलाय, पण सप्टेंबरपेक्षा जास्तच आहे. नवीन गोळी सुरू केलीय, तीन महिन्यांनी परत बघायचं. ‘तेव्हा कमी होईल ना?’ विचारलं तर मॅडम म्हणाल्या, ‘बघू.’ हा ‘बघू’ मला घाबरवतो. भीती गेली असं लिहायला आवडलं असतं, पण गेलेली नाही.

मग चालण्याची चाचणी. तोच व्हरांडा, तीच नर्सताई. आत्या हट्टाने बरोबर निघाल्या. ‘मी बी चालती, तिला सवय हाय माजी.’ वहाणा दाराबाहेर काढलेल्या, अनवाणी. नर्सताई हसली, म्हणाली चला आजी.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत भाता सुरू झाला. सवयीने मी तोंड मिटलं, नाकाने श्वास घ्यायला लागले, आणि तिरक्या नजरेने आत्यांकडे बघितलं. त्याही तिरक्या नजरेने माझ्याकडेच बघत होत्या.

मी म्हटलं, ‘थांबा. मला धाप लागली.’

आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. मोठ्याने. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली, तरी म्हटलं. नर्सताईने घड्याळ बघितलं आणि कागदावर लिहून घेतलं. मी भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून श्वास घेत राहिले.

आणि आत्या? माझा शब्द पुरता व्हायच्या आतच त्या खाली बसल्या होत्या, त्या गुळगुळीत फरशीवर, टाच हातात धरून.

नर्सताई घाबरली. ‘आजी, काय झालं? काही लागलं का?’

आत्यांनी टाचेकडे बघितलं, मग फरशीकडे, मग माझ्याकडे. ‘काटा मोडलाय,’ म्हणाल्या. ‘निगंल सावकाश. घाई न्हाई.’